कावीळ आणि खाज

खाजेस कोणी मोठा आजार म्हणत नाहीं. ताप आला तर घरचीं माणसें चिंतेंत पडतात, पोट दुखलें तर ओवा शोधतात. परंतु अंगास खाज सुटली असें कोणी म्हटलें तर त्यास एवढेंच उत्तर मिळतें कीं, आंघोळ कर व कडुनिंबाचा पाला लाव. पुष्कळ वेळां हा सल्ला पुरतोही. पण एक खाज अशी आहे कीं जी कातडींत उत्पन्नच होत नाहीं. तिचें मूळ उजव्या बरगड्यांच्या आड असलेल्या यकृतांत असतें आणि तिच्यापुढें साबण, पाला व मलम हे सारे हात टेकतात. ह्या खाजेचें कारण काय, हें शोधण्यांत वैद्यकशास्त्राचीं पाऊणशें वर्षें गेलीं असून शोध अद्यापि पुरा झालेला नाहीं. आमच्या ह्या वार्षिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं घरें सातपुड्यांत आहेत, म्हणून ही हकीकत आम्ही मोलगीपासूनच सुरू करतों. तसें करण्यास दुसरेंही एक कारण आहे. तें पुढें ओघानें येईल.

मोलगी हें नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरावरचें गांव. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेलें कीं तें लागतें. भोंवतालच्या पाड्यांवरील भिल्ल व पावरा मंडळी आमचूर, भगर इत्यादि माल घेऊन येथील बाजारास येतात, आणि दवाखान्याचें कामही बहुधा त्याच दिवशीं उरकून घेतात. अशा एका बाजारच्या दिवशीं सरकारी रुग्णालयाच्या ओसरीवर दोन माणसें शेजारीं शेजारीं बसलीं आहेत अशी कल्पना करूं. एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. त्याचे डोळे लहानपणापासून कमीअधिक पिवळे आहेत, अधूनमधून त्याचे हातपाय ठणकतात, पण खाज म्हणून त्यास ठाऊक नाहीं. दुसरी चाळिशी उलटलेली एक बाई. तिच्या डोळ्यांत पिवळेपणा शोधूनही सांपडत नाहीं. परंतु रात्र झाली कीं तळहात व तळपाय ओरबाडून काढावे असें तिला होतें. पिवळा आहे त्यास खाज नाहीं, आणि खाज आहे तिला पिवळेपणा नाहीं, असें कां? एवढ्या एका प्रश्नाचें उत्तर नीट समजलें तर ह्या विषयांतील बहुतेक घोटाळा दूर होतो.

प्रथम मुलाकडे पाहूं. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या म्हणजे त्यांतील रंगद्रव्याचें रूपांतर होऊन बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य तयार होतें. प्रौढ माणसाच्या शरीरांत तें रोज पाव ग्रॅम किंवा किंचित् अधिक निघतें. यकृत तें रक्तांतून उचलतें, पाण्यांत विरघळेल असें करतें आणि पित्ताबरोबर आंतड्यांत सोडून देतें. मळास जो पिवळट तपकिरी रंग असतो तो ह्याचाच. आतां तांबड्या पेशीच जर भराभर मोडूं लागल्या, तर यकृत निरोगी असूनही त्याच्या हातून एवढें काम उरकत नाहीं. बिलिरुबिन रक्तांत सांचतें व डोळे पिवळे दिसूं लागतात.

ह्या मुलाच्या तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडला कीं विळ्यासारख्या वांकड्या होतात. शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनीं अशा पेशींचें वर्णन १९१० सालीं प्रथम प्रसिद्ध केलें. भारतांत हा दोष १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासी लोकांत आढळला. पुढें पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनीं महाराष्ट्रांतील अनेक आदिवासी जमातींच्या रक्ताची वर्षानुवर्षें तपासणी केली, तेव्हां भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा जमातींत दर शंभरांत वीस किंवा त्याहून अधिक माणसें ह्या दोषाचीं वाहक असल्याचें दिसून आलें. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो. पण आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. ज्यास आजार होतो त्याच्या पेशी १२० दिवसांऐवजीं दहावीस दिवसांतच मोडतात. त्याचे डोळे पिवळे दिसतात ते ह्यामुळें. त्याच्या यकृतानें कांहीं गुन्हा केलेला नाहीं, आणि पित्ताची वाटही मोकळी आहे.

कावीळ झाली कीं अंगांत पिवळें भिनतें व तें कातडीस टोचतें, म्हणून खाज येते, अशी समजूत आम्हांस शाळेंतील मोठ्या मुलांतही आढळली आहे. समजूत जुनी आहे. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील ॲरिटीअस नांवाच्या ग्रीक वैद्यानें कावीळ झालेल्यांची खाज पित्ताच्या टोंकदार कणांमुळें येते असें मानलें होतें. पण पिवळ्या रंगानेंच खाज सुटत असती तर आपला हा मुलगा जन्मभर खाजवीत बसला असता.

आतां पित्ताविषयीं. आमच्या भाषेनें येथें एक मोठीच अडचण करून ठेविली आहे. आंबट ढेकर आली कीं आपण पित्त झालें म्हणतों. अंगावर लाल गांधी उठल्या कीं पित्त उठलें म्हणतों व आमसुलाचें पाणी चोळतों. ह्या दोहोंचा यकृतांतील खऱ्या पित्ताशीं कांहीं संबंध नाहीं. ढेकरेंतील आंबटपणा जठरांतील आम्लाचा, आणि गांधी उठतात त्या हिस्टामिन नांवाच्या द्रव्यानें. डांस चावल्यावर जी पुटकुळी येते व खाजते तीही हिस्टामिनाचीच करणी. बाजारांत मिळणाऱ्या खाजेच्या सामान्य गोळ्या ह्या हिस्टामिनास अडवितात. म्हणून त्या गांधींवर चालतात आणि यकृताच्या खाजेवर बहुधा चालत नाहींत. झालाच तर त्यांच्या गुंगीनें झोंपेस थोडा उपयोग होतो.

खरें पित्त म्हणजे यकृतांत रोज पाऊण लिटरच्या आसपास तयार होणारा हिरवट पिवळा रस. त्यांत बिलिरुबिन असतें हें वर सांगितलेंच. परंतु त्याचा खरा कामकरी भाग म्हणजे पित्ताम्लें. यकृत हीं कोलेस्टेरॉलपासून घडवितें. साबणानें जसा तेलकट डाग फुटतो, तसे जेवणांतील तेलातुपाचे थेंब पित्ताम्लांनीं फुटतात व पचनास योग्य होतात. काम झाल्यावर शरीर तीं वायां जाऊं देत नाहीं. लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत शंभरांपैकीं सुमारें पंच्याण्णव भाग परत शोषले जातात व रक्तावाटे पुन्हां यकृतांत येतात. बाजारांत माल उतरवून त्याच दिवशीं परतणाऱ्या गाड्यांप्रमाणें तींच तींच पित्ताम्लें दिवसांतून अनेक फेऱ्या करतात. ही फेरी ध्यानांत ठेवावी. पुढें उपचाराच्या वेळीं तिचें काम पडेल.

शेतांत पाणी नेणारा पाट खालीं कोठें तुंबला तर पाणी कोठें जातें, हें आमच्या डोंगरांतील मुलांस सांगावयास नको. तें मागें चढतें व कांठ फोडून नको त्या वावरांत शिरतें. पित्ताचेंही तसेंच. नळी तुंबली कीं पित्तांतील द्रव्यें मागें हटून रक्तांत शिरतात. ह्यास पित्तरोध म्हणूं. बिलिरुबिन आंतड्यांत न पोचल्यामुळें मळ पांढुरका होतो, आणि तें मूत्रावाटे जाऊं लागल्यामुळें लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. आपल्या चरकसंहितेंत कामला रोगाचा एक प्रकार वर्णिला आहे, त्यांत पित्ताची वाट अडते व मळ तिळाच्या कल्कासारखा दिसतो असें सांगितलें आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र नसतां केवळ डोळ्यांनीं पाहून केलेलें हें निदान आजही खोटें ठरलेलें नाहीं.

आतां मोलगीच्या त्या मुलाकडे पुन्हां वळूं, कारण त्याची गोष्ट पुरी झालेली नाहीं. ज्याच्या पेशी सतत मोडतात त्याच्या पित्तांत बिलिरुबिन प्रमाणाबाहेर असतें. त्याचे हळूहळू काळे खडे बनतात. सिकलसेलच्या रोग्यांत असे खडे पुष्कळांस होतात, शाळकरी मुलांतही आढळतात. ते पित्ताशयांत स्वस्थ पडून राहिले तर बरेंच दिवस कांहीं कळतही नाहीं. परंतु एखादा खडा घसरून मुख्य पित्तनलिकेंत अडकला, तर त्या दिवसापासून त्या मुलाची कावीळ निराळ्या जातीची होते. आजवर ती पेशी मोडल्यामुळें होती. आतां वाट बंद झाल्यामुळें झाली. आणि घरांत घोटाळा होतो तो नेमका येथें. त्याचे डोळे काय, नेहमींच पिवळे असतात, असें म्हणून घरचीं माणसें थांबतात. पिवळेपणा थोडा वाढला तर तो कोणाच्या लक्ष्यांतही येत नाहीं. अशा वेळीं जें नवें आहे तेंच पाहावें लागतें. कधीं न सुटणारी खाज सुटली, मळ पांढुरका झाला, उजव्या बरगडीखालीं कळ येऊं लागली, एवढें दिसलें तर त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. त्यांत थंडी वाजून ताप भरला तर पित्तनलिका पिकली असें समजावें, आणि मग एक रात्रही थांबूं नये. खडा बहुधा तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून काढतां येतो.

बाईचें दुखणें ह्याहून सूक्ष्म आहे. तिच्या मोठ्या नळींत खडा नाहीं. यकृताच्या आंत केंसाहून बारीक अशा असंख्य पित्तवाहिन्या असतात, त्यांचाच हळूहळू नाश होत आहे. शरीराची संरक्षक शक्ति चुकून आपल्याच ह्या वाहिन्यांवर उलटते. हा आजार मध्यम वयाच्या स्त्रियांस अधिक होतो. पुष्कळ वाहिन्या शाबूत असेपर्यंत बिलिरुबिन कसेंबसें बाहेर पडत राहतें, म्हणून डोळे स्वच्छ दिसतात. इतर द्रव्यें मात्र तुंबूं लागलेलीं असतात. अशा रोग्यांस कावीळ दिसण्याआधीं महिनेच काय, वर्षेंही खाज येत राहते.

ह्या खाजेचें रूप ओळखण्यासारखें आहे. ती तळहात व तळपाय येथें विशेष असते. संध्याकाळीं वाढूं लागते, गोधडींत ऊब लागली कीं असह्य होते, थंड पाण्यांत पाय बुडविले कीं क्षणभर बरें वाटतें. कातडीवर आधीं पुरळ, फोड, गांधी कांहींच नसतें. जें दिसतें तें खाजविल्यानंतरचें, म्हणजे ओरखडे, खपल्या व काळे डाग. नखें घासून घासून चकचकीत होतात. पाठीवर एक मौजेची खूण कधीं कधीं आढळते, मौजेची अर्थात् पाहणाराला. दोन्ही हात जेथवर पोचतात तेथवर डाग, आणि मधोमध हात न पोचणारा भाग फुलपाखराच्या आकाराचा स्वच्छ! रोग कातडीचा नाहीं ह्याचा ह्याहून सोपा पुरावा मिळणार नाहीं. कातडीचा असता तर त्यानें पाठीचा मध्यभाग कां सोडला असता?

मग रक्तांत तुंबलेल्या कोणत्या द्रव्यानें खाज सुटते? ही खरी मनोरंजक चौकशी आहे.

पहिला संशय पित्ताम्लांवर. १९४७ सालीं अमेरिकेंतील शस्त्रवैद्य वार्को यांनीं अशा रोग्यांचें पित्त नळीनें शरीराबाहेर काढून पाहिलें, खाज थांबली. १९७४ सालीं ब्रिटिश डॉक्टरांनीं निरोगी माणसांच्या कातडीवर औषधानें फोड आणून, तो सोलून, त्याच्या तळास पित्ताम्लांचे क्षार लाविले, खाज सुटली. ह्यापूर्वींच कोलेस्टायरामिन नांवाची भुकटी उपयोगांत आली होती. ती पाण्यांत कालवून घेतली कीं पोटांत पित्ताम्लांस चिकटून त्यांस मळावाटे बाहेर नेते, म्हणजे त्यांची परतीची फेरी मोडते. आणि तिनें अनेकांची खाज कमी होत असे. एवढ्या साक्षी मिळाल्यावर कोणत्याही न्यायाधीशानें पित्ताम्लांस दोषी ठरविलें असतें. पण उलट साक्षी निघाल्या. ज्यांच्या रक्तांत पित्ताम्लें पुष्कळ त्यांस खाज थोडी, आणि ज्यांच्यांत थोडीं त्यांस अतोनात, असे रोगी वारंवार दिसूं लागले. कित्येकांचें यकृत पार निकामी होत आलें कीं पित्ताम्लें वाढलेलीं असतांही खाज आपोआप कमी होते. गुन्हा आणि गुन्हेगार यांचें माप जुळेना.

दुसरा संशय फारच निराळ्या दिशेस गेला. मॉर्फीन वेदना शमविते पण खाज उत्पन्न करते, हें डॉक्टरांस पूर्वींपासून माहीत होतें. आपलें शरीरही अफूसारखीं कांहीं द्रव्यें स्वतः तयार करतें. यकृताच्या आजारांत तीं वाढून मेंदूंतच खाज उपजवीत असतील काय? १९८८ सालीं इंग्लंडांतील दोन डॉक्टरांनीं ह्या आजाराच्या रोग्यांस अफूचा परिणाम उलटविणारें नालमेफीन हें औषध दिलें. खाज उतरली, परंतु त्याबरोबर रोग्यांस घाम, कांपरें, मळमळ, अस्वस्थता असा त्रास सुरू झाला. अफूबाजाची अफू एकाएकीं तोडल्यावर होतो अगदीं तसा! ज्यांनीं जन्मांत अफू चाखली नव्हती अशा माणसांस हा त्रास व्हावा, ह्याचा अर्थ त्यांचें शरीर आंतल्या आंत अफूच्या अंमलाखालीं होतें असाच निघतो. ह्या सगळ्या चौकशींत इतका विलक्षण प्रयोग आमच्या मतें दुसरा नाहीं. तरीही हीं औषधें सर्वांस लागू पडत नाहींत, म्हणून प्रश्न तेवढ्यानें सुटला नाहीं.

तिसरा धागा २०१० सालीं हॉलंडांतील ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांस सांपडला. पित्तरोधामुळें खाज येणाऱ्यांच्या रक्तांत ऑटोटॅक्सिन नांवाचें एक पाचकद्रव्य वाढलेलें असतें, आणि विशेष हें कीं, तें खाजेच्या मापाबरोबर चढतें-उतरतें. पित्त बाहेर काढल्यावर खाज थांबली कीं ऑटोटॅक्सिनही उतरतें. खाज परतली कीं तेंही परततें. ऑटोटॅक्सिन एका स्निग्ध जातीच्या आम्लास जन्म देतें, तें उंदरांच्या कातडींत टोंचलें तर उंदीर खाजवूं लागतात. मापाचा जो मेळ पित्ताम्लांस बसत नव्हता तो येथें बसला. मात्र हें ऑटोटॅक्सिन कोठून व कां वाढतें, तें स्वतः गुन्हेगार कीं केवळ गुन्ह्याच्या जागीं सांपडणारा सोबती, ह्याविषयीं एकमत झालेलें नाहीं.

चौथा धागा मज्जातंतूंचा आहे. खाजेची वर्दी कातडींतील अतिशय बारीक तंतूंवाटे जाते. त्यांचा वेग सेकंदास सुमारें एक मीटर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो एवढाच. ह्या तंतूंवर निरनिराळीं कुलपें असतात आणि योग्य किल्ली लागली कीं वर्दी सुटते. हिस्टामिनाचें कुलूप निराळें. पित्ताम्लांचें कुलूप कोणतें? २०१३ सालीं उंदरांत एक सांपडलें, पण तें माणसाच्या खाजेस लागू पडेना. शेवटीं २०१९ सालीं दोन निरनिराळ्या संशोधकगटांनीं माणसाच्या तंतूंवरील कुलूप ओळखलें. त्याचें नांव एमआरजीपीआरएक्स-४ असें लांबलचक आहे. विद्यार्थ्यांनीं तें पाठ करण्याची जरूर नाहीं. उंदरांस हुबेहूब हें कुलूप नसतें, म्हणूनच उंदरांवरील प्रयोगांनीं इतकीं वर्षें वाट चुकविली. पित्ताम्लांनीं हें कुलूप उघडतें. आणि गंमत अशी कीं, प्रयोगशाळेंत बिलिरुबिननेंही तें कांहीं अंशीं उघडतें! तेव्हां आम्हीं वर ज्यास निर्दोष सोडलें तो पिवळा आरोपी अगदींच सोंवळा नाहीं. पण मोलगीच्या मुलासारखे हजारों रोगी पाहतां, तो एकट्यानें खाज उत्पन्न करीत नाहीं एवढें खरें. एकंदरींत गुन्हेगार एक नसून टोळी असावी असें दिसतें; पित्ताम्लें, ऑटोटॅक्सिनचें तें आम्ल, अफूसदृश द्रव्यें, आणि एकमेकांस केलेलें साहाय्य.

उपचार ह्याच विचारावर उभे आहेत. वाट अडली असेल तर ती मोकळी करणें हा पहिला. तें शक्य नसल्यास कोलेस्टायरामिनची भुकटी. ती मात्र इतर औषधांसही चिकटते, म्हणून दोहोंत कांहीं तासांचें अंतर लागतें. त्यानें न भागल्यास रिफाम्पिसिन. हें नांव आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या कानांवरून गेलें असेल, कारण क्षयाच्या रोग्यांस मिळणाऱ्या गोळ्यांत तें असतें व त्यानें लघवी नारिंगी होते. खाजेवर त्याचा गुण येतो हें १९८०च्या दशकांत सिद्ध झालें. त्यानें ऑटोटॅक्सिन कमी होतें असें पुढें कळलें. परंतु तेंच औषध कांहींच्या यकृतास अपायही करतें. शेजाऱ्याच्या क्षयाच्या गोळ्या खाजेवर घेऊन पाहणें म्हणजे घर जाळून थंडी घालविण्यासारखें आहे. २०२१ सालीं ओडेव्हिक्सिबॅट व मॅरालिक्सिबॅट अशीं दोन नवीं औषधें परदेशांत मान्य झालीं. तीं आंतड्याच्या शेवटीं पित्ताम्लें परत उचलणारा पंपच बंद करतात. जन्मजात पित्तरोध असलेल्या बालकांस त्यांचा उपयोग होतो. किंमत मात्र सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरची. आणि सर्व उपाय हरले तर केवळ खाजेसाठीं यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. रात्रंदिवस झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, कातडें रक्तबंबाळ. जो हें भोगतो त्यासच तें कळतें. खाजेस लहान आजार म्हणणारांनीं एवढी एकच गोष्ट विचारांत घ्यावी.

ह्या खाजेचा एक प्रकार आमच्या वाचकांतील आईबापांनीं विशेष जाणून घ्यावा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत कांहीं स्त्रियांचें पित्त यकृतांतच मंदावतें. त्यांस तळहात-तळपायांस रात्रीं खाज सुटते, अंगावर पुरळ नसतें, डोळेही बहुधा पिवळे होत नाहींत. घरांतील वडील बायका उष्णता झाली किंवा पोट ताणलें म्हणून समजूत घालतात. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ही खाज आपोआप जाते, त्यामुळें ती समजूत पक्की होते. आईस तिच्यापासून फारसें भय नसतें, पण पोटांतील मुलास असतें. २०१९ सालीं अनेक देशांतील माहिती एकत्र करून पाहिली तेव्हां असें दिसलें कीं, आईच्या रक्तांतील पित्ताम्लें लिटरास १०० मायक्रोमोलवर गेलीं तर मूल पोटांतच दगावण्याचें भय स्पष्ट वाढतें. रक्ताची तपासणी वेळीं झाली तर डॉक्टर दिवस पुरे भरण्याआधीं बाळंतपण घडवून आणतात व मूल वांचतें. ज्या पाड्यांवरून मोलगीस येण्यास डोंगर उतरावे-चढावे लागतात, तेथें ही खूण आशाताईंस व घरच्या सासूबाईंस माहीत असणें अगत्याचें आहे.

तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. दोन आठवडे उलटूनही त्याची कावीळ गेली नाहीं व मळ पांढरा होत असेल, तर त्याच्या पित्तनलिका बंद असण्याचा संभव असतो. लहान मूल खाज सुटली असें सांगत नाहीं, आणि पहिल्या कांहीं महिन्यांत त्यास ती जाणवतही नसावी. म्हणून तेथें मळाचा रंगच पाहावा. शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आंत झाली तर अधिक गुण येतो.

काविळीवर आमच्याकडे हात धुण्याची रीत आहे. रोग्याच्या हातांवरून चुन्याची निवळी ओतली कीं पाणी पिवळें होतें, व कावीळ उतरली असें म्हणतात. हातास आधीं आंब्याच्या सालीचा रस लागलेला असला तर निरोगी माणसाच्या हातांवरूनही पिवळेंच पाणी उतरतें. शाळेच्या प्रयोगशाळेंत हें कोणासही करून पाहतां येईल. दूषित पाण्यानें होणारी कावीळ, जशी २०१२ सालीं इचलकरंजींत पसरली होती, ती बहुतेकांची कांहीं आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळें हात धुणाऱ्यास यश मिळतें. त्या काविळींतही मध्यंतरीं थोडे दिवस खाज येऊन जाते. पण खडा अडकला असतां निवळींत दवडलेला प्रत्येक दिवस महाग पडतो.

वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांनीं मात्र हें वाचून उगाच घाबरूं नये. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर व कमरेपाशीं जी खाज येते, बारीक पुरळ उठतें आणि एकाच्या मागून दहाजण खाजवूं लागतात, ती खरूज. ती सूक्ष्म किडीनें होते, यकृताचा तिच्याशीं संबंध नाहीं, आणि खोलींतील सर्वांनीं एकाच वेळीं औषध लाविल्याशिवाय ती जात नाहीं. एकट्यासच, पुरळाशिवाय, तळपायांपासून सुटलेली व आठवड्यांमागून आठवडे न जाणारी खाज ती निराळी.

ओसरीवरील त्या बाईचा नंबर आतां लागला असेल. गर्दीच्या दिवशीं डॉक्टरांपुढें पोंचल्यावर अशीं माणसें अशक्तपणा सांगतात, पोट सांगतात. खाजेचें नांव काढावयास संकोचतात. तिनें तें सांगावें, आणि रात्रीं वाढते, तळपायांस अधिक, अंगावर कांहीं उठत नाहीं, हेंही सांगावें. तिच्या रक्तांतील बिलिरुबिन तपासलें तर तें बहुधा ठीक निघेल. तेवढ्यावरून कावीळ नाहीं म्हणून तिनें घरीं परतूं नये. अशा दुखण्यांत वाढलेलें सांपडतें तें अल्कलाइन फॉस्फटेज. त्याची तपासणी व पोटाची सोनोग्राफी होईपर्यंत खाजेचें कारण समजलें असें धरूं नये. मोलगीस सोय नसली तर नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्यावी.